मुळशीची ओल आणि पायाखालची ऊब

चांदणी चौक मागे पडला, पिरंगुटचे कारखाने आणि त्यांच्या दारातील मालमोटारींची रांग संपली, की पौडच्या अलीकडेच हवेचा वास पालटतो. आषाढात हा पालट अधिक जाणवतो. पुण्यात निघताना आभाळ नुसते भरलेले असते. पौडला भुरभुर लागते. मालेगाव सोडून धरणाच्या कडेने, म्हणजे आमच्या माले गावच्या अंगाने वर सरकावे तो गाडीच्या काचा आतून धुरकट होतात आणि समोरचा डोंगर आहे की नाही याचा पत्ता लागत नाही. पुणे शहरात वर्षभरात सातशे-साडेसातशे मिलीमीटर पाऊस पडतो. तेथून साठेक किलोमीटरवर असलेल्या ताम्हिणी घाटात काही वर्षी तो सहा हजारांच्याही पुढे जातो. या दोन आकड्यांच्या मधल्या उतरणीवर, जलाशयाच्या काठापासून हाकेच्या अंतरावर, आमचे घर आहे.

घर म्हणजे वडिलांनी निवृत्तीनंतर बांधलेले चार खोल्यांचे कौलारू बांधकाम. दगडी भिंती, पुढे पडवी, मागे मोरी आणि तांब्याचा बंब. जमिनीला शहाबादी फरशी. आई आज अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि वर्षाचे बाराही महिने तिथेच राहते. पावसाळ्याचे चार महिने तरी पुण्यात यावे म्हणून आम्ही भावंडांनी केलेली आर्जवे तिने दरवर्षी एकाच वाक्यात मोडीत काढली आहेत: "पाऊस बघायलाच तर इथं राहते मी."

पाऊस बघण्यात काही अडचण नव्हती. अडचण होती ती पावसासोबत घरात राहायला येणाऱ्या ओलीची.

ज्यांनी मुळशी केवळ शनिवार-रविवारच्या सहलीत पाहिली आहे, त्यांना ही ओल ठाऊक नसते. त्यांना धबधबे दिसतात, पळशाजवळ भाजलेले कणीस मिळते, ओले कपडे घेऊन ते रात्री कोरड्या घरी परततात. येथे राहणाऱ्याच्या घरी मात्र जूनच्या मध्यापासून मिठाच्या बरणीत पाणी सुटते, काडेपेटी पेटत नाही, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर पांढुरकी बुरशी धरते, कपाटातल्या रेशमी साड्यांना कुबट वास येतो. फरशी तर पावसाच्या पहिल्या आठवड्यात अक्षरशः घामेजते. बाहेरची दमट, उबदार हवा आत येते, थंड दगडाला स्पर्श करते आणि तिच्यातील बाष्पाचे पाणी होते. घरात कोणी पाणी सांडलेले नसते, तरी पाऊल ठेवावे तिथे ठसा उमटतो. वृद्ध माणसाला घसरून पडायला एवढे निमित्त पुरेसे असते.

आईला दमा नाही, पण दर पावसाळ्यात खोकला धरतो आणि गणपतीपर्यंत सोडत नाही. गुडघे धरतात ते निराळेच. ओलीने सांधे दुखतात की थंड फरशीने, की नुसतेच हिंडणे-फिरणे कमी झाल्याने, याबद्दल वैद्यकशास्त्रात अजून एकवाक्यता नाही. श्वसनाच्या बाबतीत मात्र शंका उरलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तीत ओलसर घरांत राहणाऱ्यांना श्वसनाचे विकार आणि दम्याचा त्रास अधिक होतो, असे स्वच्छ नमूद केले आहे. त्याच संघटनेने २०१८ मध्ये थंड ऋतूत घरातील तापमान १८ अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ देऊ नये, असे सुचवले. मुळशीत डिसेंबर-जानेवारीच्या काही रात्री सोडल्या तर आपण त्या मर्यादेच्या वरच असतो. म्हणजे आमचा प्रश्न थंडीचा नव्हता. बावीस अंशांतही हाडात शिरणाऱ्या दमटपणाचा होता.

मावळातल्या लोकांनी या ओलीशी शतकानुशतके जो व्यवहार केला, तो चुलीच्या भोवती. कारवीच्या कुडाच्या भिंती, त्यांवर शेणामातीचा गिलावा, पाऊस सुरू होण्यापूर्वी बाहेरून गवताचा आडोसा, आणि आत दिवसभर धगधगणारी चूल. चुलीवरच्या माळ्यावर बियाणे, लसूण, कांदे, ओले सरपण. सारे धुरात वाळायचे. त्या धुराने कौलाखालची लाकडेही टिकायची, त्यांना कीड लागत नसे. आवणीवरून चिंब होऊन परतलेली बाईमाणसे इरली दाराशी टेकवून आधी चुलीपुढे बसत. आमच्या शेजारच्या काकी अजून सांगतात, "चूल इझली का घर मरतं." त्यांच्या वाक्यात भौतिकशास्त्र आहे, हे मला फार उशिरा कळले. पण त्या घराची किंमत बायकांच्या फुप्फुसांनी मोजली, हेही खरे. धुराने लाल झालेले डोळे आणि चाळिशीत लागलेली धाप मी त्याच स्वयंपाकघरांत पाहिली आहे. चुलीच्या आठवणींनी गहिवरणाऱ्या लेखांत हा धूर बहुधा सुगंधी होऊन येतो. तो तसा नसतो.

आमच्याकडे चूल जाऊन गॅस आला तेव्हा धूर गेला आणि ऊबही गेली. मग तिची जागा शेगडीने घेतली.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. सलग चार दिवस झड लागली होती, वीज गेलेली होती. आईने बंबातले निखारे लोखंडी शेगडीत काढून आपल्या खोलीत घेतले आणि वारा येतो म्हणून दार-खिडक्या लावून घेतल्या. त्या रात्री मी शेजारच्या खोलीत होते. पहाटे तिच्या कण्हण्याने जाग आली. डोके फुटेल असे दुखत होते, उभे राहता येत नव्हते, बोलणे विसंगत झाले होते. आधी वाटले, रक्तदाब. मग शेगडीकडे लक्ष गेले. तिला धरून पडवीत आणले, पावसाच्या तुषारांत तासभर बसवून ठेवले आणि उजाडताच दवाखाना गाठला. डॉक्टरांनी प्राणवायू लावला, आणि ती सावरल्यावर मला बाजूला घेऊन जे सांगितले ते येथे लिहून ठेवणे मला कर्तव्य वाटते. धुराची शेगडी माणूस बाहेर ठेवतो, कारण डोळे चुरचुरतात. लालबुंद, बिनधुराचे निखारे निर्धोक समजून आत घेतो, आणि नेमका त्यांतूनच कार्बन मोनॉक्साइड हा वायू भरपूर निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत झोपलेल्या माणसाला तो जागा होण्याची संधी देईलच, असे नाही.

शेगडी त्या दिवशी माळ्यावर गेली. पण खोली कशी कोरडी ठेवायची, हा प्रश्न खालीच राहिला.

धाकटा भाऊ जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहतो. त्याने दूरध्वनीवर एका दमात तोडगा सांगितला: हीट पंप बसवा आणि जमिनीखाली ऊबदार पाण्याच्या नळ्या घाला. मला हे सांगणे म्हणजे मुळशीत बर्फावरची घसरगाडी आणण्यासारखे वाटले. तथापि त्याच्या घरी एक हिवाळा काढला होता, त्यामुळे तो कशाविषयी बोलतो आहे हे ठाऊक होते. त्याचे घर साठ वर्षांचे जुने. प्रत्येक खिडकीखाली रेडिएटर, म्हणजे आतून गरम पाणी खेळणारी पत्र्याची चपटी पेटी. तळघरात गॅसची भट्टी होती. तिकडे १ जानेवारी २०२४ पासून नव्या वसाहतींतील नव्या घरांच्या तापनयंत्रणेला किमान ६५ टक्के ऊर्जा नूतनक्षम स्रोतांतून घेण्याचे बंधन आले, आणि त्या चर्चेच्या धामधुमीत, स्वतःवर बंधन नसतानाही, त्याने भट्टी काढून हीट पंप बसवला. तेव्हा त्याच्यापुढे जो प्रश्न उभा राहिला तोच दोन वर्षांनी अनपेक्षितपणे आमच्यापुढे आला: भिंतीवरचे रेडिएटर की जमिनीखालच्या नळ्या?

हीट पंप म्हणजे काय, हे मला पिरंगुटच्या एका तरुण अभियंत्याने घाटाच्या उपमेने समजावले. तो म्हणाला, "ताई, हे यंत्र उष्णता तयार करत नाही, वाहून नेतं. बाहेरच्या हवेत जी आहे ती उचलून पाण्यात टाकतं. चढ जितका कमी, तितकं पेट्रोल कमी." आपल्या घरातील शीतकपाट हेच करते, आतली उष्णता उचलून मागच्या जाळीतून बाहेर टाकते. युरोपात बाहेर उणे पाच अंश असताना रेडिएटरसाठी पंचावन्न अंशांचे पाणी हवे असेल, तर यंत्राला साठ अंशांची चढण चढावी लागते. जमिनीखालच्या नळ्यांना पस्तीस अंशांचे पाणी पुरते. चढण चाळीसवर येते, वीज वाचते. कारण साधे आहे. रेडिएटरचे अंग लहान, म्हणून ते अधिक तापवावे लागते. जमीन म्हणजे अख्ख्या खोलीएवढा रेडिएटर. ती नुसती कोमट असली तरी भागते. भावाने सगळे घर उकरण्याऐवजी तीन खोल्यांतले लहान रेडिएटर काढून मोठे लावले आणि पाण्याचे तापमान खाली आणले. जुन्या घरासाठी हा शहाणपणाचा मार्ग होता. मुळशीत तर बाहेरची हवाच वीस-बावीस अंशांची. येथे चढण म्हणजे घाट नव्हेच, जेमतेम पौडचा उतार.

मग अभियंत्याने कागदावर एक हिशेब मांडला, ज्याने माझे मत फिरले. बावीस अंशांच्या हवेत आर्द्रता ९५ टक्के असेल आणि तीच हवा, तिच्यात पाण्याचा थेंबही न वाढवता-घटवता, सव्वीस अंशांपर्यंत तापवली, तर आर्द्रता ७५ टक्क्यांवर येते. बुरशीला भिंतीवर पाय रोवायला साधारण ८० टक्क्यांची सोबत लागते. म्हणजे केवळ चार अंशांचा फरक! काकींची चूल इतके दिवस हेच करत होती. घर तापवत नव्हती. ओलीच्या उंबरठ्यावरून त्याला चार पावले मागे खेचत होती.

येथे वाचकांच्या मनात जो प्रश्न आला असेल तो माझ्याही मनात आला. मग आर्द्रता शोषणारे यंत्रच का आणू नये? जरूर आणावे. पावसाळी गावांत राहणाऱ्या बहुसंख्य कुटुंबांना तेवढेच पुरेल, असे मी उलट आग्रहाने सांगेन. हवा थंड जाळीवरून नेऊन तिच्यातले पाणी गाळायचे आणि पुन्हा थोडी तापवून सोडायची, असे ते काम करते. खर्चही पुष्कळ कमी. आमच्या कपाटांच्या खोलीत आम्ही तेच ठेवले आहे. पण ते दार-खिडक्या मिटलेल्या खोलीतच उपयोगी पडते, त्याची बादली रोज रिकामी करावी लागते, आणि पायाखालची फरशी थंडच राहते. आईची खिडकी चार बोटे तरी उघडी असते. गेल्या श्रावणापासून तर तिने ती मिटायचे नावच सोडले होते, आणि त्याबद्दल तिच्याशी वाद घालण्याचे मला धैर्य नव्हते.

भिंतीवर रेडिएटर लावणे सोपे होते: फोडाफोड नाही, दोन दिवसांचे काम, हवे तेव्हा पटकन गरम. अभियंत्याचा कौल सुरुवातीला तिकडेच होता. मी आढेवेढे घेतले त्याची कारणे घरगुती होती. तापलेल्या पत्र्याभोवती हवा वर चढते, छताकडे जाते आणि खोलीभर फिरताना धूळ फिरवते. खोकणाऱ्या माणसाला हे नको. दुसरे असे की आमचे छत कौलारू, वर गेलेली ऊब कौलांच्या फटींतून थेट ढगांना जाऊन मिळणार. तिसरे आणि खरे कारण म्हणजे ओल आमच्याकडे छतातून कमी आणि जमिनीतून अधिक येते. शत्रू जिथून शिरतो तिथेच पहारा बसवावा.

पण जमीन म्हणजे फरशी, आणि फरशी म्हणजे वडील.

ही शहाबादी फरशी त्यांनी स्वतः उभे राहून बसवून घेतली होती. एकेक दगड वाजवून, रंग जुळवून. आईच्या खोलीत खिडकीपाशी एक दगड किंचित हिरवट आहे. तो बदलायचा राहिला आणि पुढे त्यावरच त्यांची आरामखुर्ची आली. फरशी उचलावी लागेल म्हटल्यावर आई काही बोलली नाही. उठून मागच्या दारी गेली आणि बराच वेळ जलाशयाकडे बघत बसली.

त्या पाण्याकडे बघताना या भागातल्या जुन्या माणसांच्या मनात काय येते, हे बाहेरच्यांना चटकन समजत नाही. त्याच्याखाली शेते आहेत, घरांचे चौथरे आहेत. टाटांच्या या वीजधरणाविरुद्ध १९२१ च्या एप्रिलमध्ये, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह मांडला. पांडुरंग महादेव बापट त्याचे पुढारी झाले आणि येथूनच 'सेनापती' म्हणून ओळखले जाऊ लागले. जमीन वाचली नाही. धरण झाले, आणि १९२७ पासून मुळेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला, घाटाखालच्या भिरा येथे वीज करू लागले. पूर्वेकडे भीमेला मिळायचे ते पाणी कुंडलिकेतून अरबी समुद्राला जाते. आईचे आजोळ त्या बुडालेल्या पट्ट्यातले. उकरणे, उचलणे, हलवणे हे शब्द तिच्या घराण्यात हलके नाहीत. आणि गंमत अशी, की जिच्या पाण्याने मुंबईचे दिवे लागले त्या मुळशीत आजही पावसाच्या पहिल्या वादळाला वीज जाते ती कधी येईल याचा नेम नसतो.

तोडगा काढला तो आमच्या गवंड्याने. प्रत्येक फरशीवर खडूने आकडा घालायचा, त्याच क्रमाने उचलून पडवीत उभ्या रचायच्या, खाली काम झाले की त्याच जागी त्याच फरश्या. "हिरवी फरशी खिडकीखालीच येईल, आजी. हिकडची तिकडं झाली तर मला म्हणा." आईने त्याच्याकडे बघून एवढेच विचारले, "किती दिवस?" तो म्हणाला, पंधरा. लागले छत्तीस.

त्या छत्तीस दिवसांत, मार्च-एप्रिलच्या उन्हात, जे शिकायला मिळाले ते उपयोगाचे आहे म्हणून थोडे तपशिलात सांगते. यंत्राच्या आधी घर दुरुस्त करावे लागते. कौलांखाली फळ्यांचे तक्तपोशी छत करून घेतले, कारण त्याविना चार अंश टिकणे अशक्य होते. जोत्याभोवती गोट्यांनी भरलेला चर काढला, म्हणजे पागोळ्यांचे पाणी पायात मुरणार नाही. ही दोन कामे झाल्यावर अभियंता म्हणाला, आता कदाचित पंपाची गरजच अर्धी झाली. जमीन वरून वाढवायची नाही, हा आमचा हट्ट होता. नळ्यांवर सिमेंटचा थर घातला की जमीन तीन-चार इंच चढते, दाराशी पायरी होते, आणि रात्री मोरीकडे जाणाऱ्या वृद्धाला ती पायरीच पाडते. म्हणून आधी तेवढा मुरूम खाली उकरला. तळाशी ओल अडवणारे प्लास्टिक, त्यावर दाट फोमचे तक्ते, म्हणजे ऊब पाताळात न जाता वर येईल. त्यावर एकेक वीत अंतर राखून वेटोळ्यांनी पसरलेली जाड प्लास्टिकची अंगठ्याएवढी नळी. बारा बाय चौदाच्या खोलीला शंभर मीटर लागली. नळीत पाणी भरून दाब दिला आणि दोन दिवस काटा हलत नाही ना ते पाहिले, मगच सिमेंट ओतले. हा दाबाचा सोपस्कार घाई करून टाळू नये. पुढे गळती झाली तर पुन्हा खडू आणि पुन्हा पडवी.

दगडी फरशी या कामाला उत्तम. दगडातून ऊब सहज वर येते. लाकडी जमीन किंवा जाड सतरंजी ती अडवते. आमच्या जुन्या घरांना हे वरदान आहे, आणि आपण ते टाइल्स लावून झाकत चाललो आहोत.

स्वतंत्र पंप एका खोलीसाठी घेणे उधळपट्टी ठरली असती. म्हणून पाणी तापवणारा हीट पंप घेतला, दोनशे लिटरच्या टाकीसह. छपरावरचे सौर बंब आषाढ-श्रावणात मुकाट बसतात. हा ढगाळ हवेतही चालतो. आंघोळीचे पाणी पन्नास अंशांचे, आणि त्याच टाकीतून एका बंद वेटोळ्याद्वारे जमिनीसाठी मिसळून घेतलेले पस्तीसचे. टाकीचे तापमान आठवड्यातून एकदा साठ अंशांपर्यंत नेण्याची सोय करून घ्यावी. कोमट साठ्यात लेजिओनेला नावाचा न्यूमोनिया करणारा जिवाणू वाढू शकतो, साठ अंशांत तो मरतो. जमिनीचा पृष्ठभाग २९ अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही, हा युरोपातला दंडक आहे, आणि तो आम्ही पाळतो. पायांना सतत त्याहून अधिक उष्णता बाधते. मधुमेहाने पावलांची संवेदना मंदावलेल्या माणसांनी तर गरम पाण्याची पिशवी, इस्त्रीचा शेक, विजेचा हीटर यांपासून सावध असावे. भाजले तरी त्यांना कळत नाही. एकोणतीस अंशांची फरशी कोणालाही भाजू शकत नाही.

विजेचे म्हणाल तर पावसाळ्यात या एका खोलीला दिवसाला तीन-साडेतीन युनिट लागतात. तेवढीच ऊब साध्या विजेच्या हीटरने दिली असती तर अकराच्या आसपास लागली असती. एकूण खर्च एका चांगल्या दुचाकीहून अधिक झाला, आणि त्यातला मोठा भाग छत, चर आणि गवंड्याचा. ज्यांचे घर सपाट स्लॅबचे, वरच्या मजल्यावर आहे, त्यांनी या वाटेला जाऊ नये. नवे घर बांधत असाल आणि घाटमाथ्यावर असाल, तर मात्र म्हाताऱ्यांच्या खोलीत नळ्या आधीच टाकून ठेवाव्यात. पंप पुढेमागे घेता येईल, फरशी पुन्हा पुन्हा उचलता येत नाही.

काम चालू असताना शेजारच्या काकी रोज येऊन बघत. नळ्यांचे वेटोळे पाहून त्या हसल्या. "बाळंतिणीची बाज केली की तुम्ही!" मला क्षणभर कळले नाही. मग आठवले. बाळंतिणीला दोरीच्या बाजेवर निजवून खाली निखाऱ्यांची शेगडी सरकवायची, वर ओवा-शेपाची धुरी. सव्वा महिना हा शेक-शेगडीचा उपचार चालायचा. खालून वर येणारी मंद ऊब शरीराला मानवते, हे कोरियातल्या लोकांनी चुलीचा धूर जमिनीखालून फिरवून ओळखले, काश्मिरातल्या हमामांत दगडी जमिनीखाली लाकडे जाळून ओळखले, रोमनांनी स्नानगृहांत ओळखले, आणि मावळातल्या सुईणींनी बाजेखाली ओळखले. फक्त निखारे आता मागच्या पडवीत, यंत्राच्या रूपाने, उघड्या हवेत बसले आहेत. बाळंतिणीच्या बंद खोलीत शेगडी आजही काही घरांत ठेवतात. आई आणि बाळ दोघांच्याही जिवाशी तो खेळ आहे. शेक द्यायचा तर दार उघडे हवे आणि झोपताना शेगडी बाहेर.

यंदा मृग कोरडा गेला आणि आर्द्रा धो धो लागल्या. पहिल्या मोठ्या पावसानंतर मी गेले तेव्हा पडवीतली फरशी घामेजली होती, स्वयंपाकघरातली घामेजली होती. आईच्या खोलीचा उंबरठा ओलांडला तर पाऊल कोरडे. भिंतीवरचे आर्द्रतामापक पडवीत ९३ आणि आत ७५ दाखवत होते. ऊब मात्र जाणवत नव्हती, आणि आईचीही हीच तक्रार होती. "बंद पडलंय बहुतेक तुमचं ते. गरम कुठाय?" मी तिला पाच मिनिटे स्वयंपाकघरात अनवाणी उभे केले आणि परत आणले. ती काही बोलली नाही. पण संध्याकाळी काकी आल्या तेव्हा त्यांनाही तिने तसेच स्वयंपाकघरातून फिरवून आणले.

खोकला यंदा आलाच नाही, असे लिहिण्याचा मोह होतो. तो आला. गणपतीपर्यंत राहतो की आधी जातो, हे पाहायचे आहे. गुडघ्यांचे दुखणे आहे तसे आहे. फक्त पहाटे उठल्यावरचा ताठरपणा लवकर सुटतो, असे ती म्हणते.

परवा पुन्हा वीज गेली, संध्याकाळी सातला. यंत्र थांबले. फरशी आणि तिच्याखालचे सिमेंट मिळून तीनेक टन भरेल. तापायला एक दिवस घेते, तशी निवायलाही सवड घेते. मध्यरात्री मी कंदील घेऊन आईच्या खोलीत डोकावले. खिडकी चार बोटे उघडी होती, बाहेर पाण्यावर पावसाचा एकसुरी आवाज चालला होता. ती जागीच होती. खाटेवरून खाली उतरून, आरामखुर्ची बाजूला सारून, हिरवट फरशीवर चटई न घेताच पाय पसरून बसली होती, आणि तिच्या शेजारी काकींच्या घरून आणलेले, पेरणीतून उरलेले आंबेमोहराचे बियाणे सुपात पसरलेले होते.

"झोप तू," ती म्हणाली. "त्यांच्या माळ्यावर चूल नाही आता. म्हटलं, इथं वाळेल."